पिंडीवरचा मासा

"नवा सदरा व्हता. दोनदा बी अंगात घातला न्हाई. आता ह्यो डाग काय निघंना झालाय."

परसदारच्या दगडावर उकिडवा बसून माझा दीर वीरेश स्वतःशीच कुरकुरत होता. मी त्याच्या पाठीशी, हातभर अंतरावर उभी. बादलीतून वाफ निघत होती. चूल पेटवून पाणी तापवलं होतं त्यानं, आणि पांढऱ्या सदऱ्याची बाही त्यात बुडवून साबणानं घासत होता. बाही कोपरापर्यंत रक्तानं भरली होती. रक्त त्याचं नव्हतं.

"गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का होतो," मी म्हणाले. "थंड पाणी घे. अन् मूठभर मीठ."

त्यानं मान वळवून बघितलं. माझ्या साडीवरही तसलेच डाग होते, मांडीवर, जिथं उपकेंद्रातल्या संघपालचं डोकं धरून मी दवाखान्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. वीरेशनं ते बघितले आणि पुन्हा खाली बघून म्हणाला, "मीठ कुठंय?"

मी आत जाऊन मीठ आणून दिलं. तासाभरापूर्वी ज्या हातांनी माणसाचा जबडा मोडला होता, त्या हातांवर मी मीठ ठेवलं आणि वर सांगितलं, लई चोळू नको, कापड फाटंल. पंधरा वर्षं एका चुलीवर जेवलं की हात आपले चालू लागतात. डोकं मागून येतं, आलंच तर.

मी मंजुश्री. कळमसांगवीची आशा कार्यकर्ती. देवणीहून नऊ किलोमीटर आत आमचं गाव. मठाभोवती आम्हा लिंगायतांच्या दोन गल्ल्या, ओढ्यापलीकडं बौद्धांची वस्ती, मशिदीजवळ मुसलमानांची दहा-बारा घरं. माझे मालक गेल्यापासून घरात सासू गुरम्मा, दीर वीरेश आणि मी. वर्षाराणी ह्या मोजणीत यायला हवी होती. वीरेशची बायको, माझी धाकटी जाऊ. ती आषाढी अमावास्येला गेली, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

वर्षाराणीचे दोन वेळा दिवस राहून मोडले होते. तिसऱ्या वेळी पाचवा महिना लागला तेव्हा अव्वांनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, मठाचा मुक्काम बोलला. आमच्याकडं ही रीत आहे. पोटुशी बाई अकरा राती मठाच्या मागच्या ओसरीवर निजते, सकाळ-संध्याकाळ बारवेचं तीर्थ घेते, आणि गर्भ टिकतो. ओसरीच्या खालीच बारव. दगडी पायऱ्यांची, बारमाही पाण्याची. पाणी इतकं नितळ की तळाचं नाणं ओळखू यावं.

मी औषधवाली मच्छरदाणी घेऊन गेले. खिळेही ठोकले. अव्वांनी ती काढून घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"अप्पाजींच्या दारात जाळी बांधून निजायचं? इस्वास न्हाई का देवावर?"

"अव्वा, डास देवाचं ऐकत न्हाईत."

"सुम्मनिरु," त्या म्हणाल्या. कानडीत गप्प बस म्हणायला हा एकच शब्द पुरतो, आणि मी गप्प बसले. पंचायतीच्या सभेत तासभर बोलणारी मी, घरात एका शब्दात गार होते.

बारा दिवसांनी वर्षाराणी घरी आली. चौथ्या दिवशी तिला हुडहुडी भरली. दोन गोधड्या, वर मी स्वतः आडवी पडले तरी खाट खटखट वाजत होती. तपासणीच्या पट्टीवर मेंदूत जाणाऱ्या हिवतापाची रेघ उमटली. डोळे पिवळे झाले, मग तिला आम्ही ओळखू येईनात. लातूरला नेताना नळेगावच्या पुढं गाडीत तिनं स्वतःच्या जिभेचा तुकडा पाडला. वीरेश तिच्या दातांत आपली बोटं घालून बसला होता. ती गेल्यावर डॉक्टरांना दात उघडून त्याची बोटं सोडवावी लागली.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात, हात मांडीवर ठेवून. वीरेशनं तिचे हात पोटावर ठेवले. कुणी दुरुस्त केले नाहीत.

त्या महिन्यात तालुक्यात तापाचे इतके रुग्ण निघाले की आरोग्य खात्याच्या साहेबांनी गावोगावच्या धर्माच्या माणसांना बोलावून घेतलं. आमच्या मठाचे विरूपाक्ष स्वामी, ज्यांना सगळे अप्पाजी म्हणतात, वस्तीतल्या विहाराचे भंतेजी आणि मशिदीचे मौलवी, तिघे एका बाकावर बसले. साहेब म्हणाले, आमचं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील.

ऐकलं. अप्पाजींनी श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सांगितलं, "साठलेलं पाणी सांडा, रांजण पुसा, उन्हात पालथा घाला, मग बेल वाहायला या. पुसलेलं फडकं दाखवा, मग तीर्थ घ्या. ज्याचा रांजण ओला, त्याला तीर्थ न्हाई." भंतेजींनी वंदनेनंतर तेच सांगितलं, मौलवींनी शुक्रवारच्या नमाजानंतर. अकरा वर्षं मी ज्या बायकांच्या दारात कोरडा दिवस पाळा, कोरडा दिवस पाळा करत उभी राहिले आणि ज्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही, त्या ओली फडकी घेऊन मठासमोर ओळीत उभ्या होत्या. मला आनंद झाला, आणि थोडा रागही आला. खोटं कशाला बोलू.

पण वीरेशला फडकी पुरेनात. बायकोला माती देऊन आठ दिवस झाले होते, त्याला काहीतरी मोडायचंच होतं. मंडळाची पंधरा-वीस पोरं आणि हातात लोखंडी सळई घेऊन तो घरोघर फिरू लागला. रांजण ओला दिसला की विचारणं नाही, सळई. पाण्याबरोबर खापऱ्या अंगणात पसरायच्या आणि बायका भिंतीला चिकटून बघायच्या. वस्तीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, साठवल्याशिवाय तिथं चूल पेटत नाही. संघपालची आई भामाबाई रांजणाला मिठी मारून बसली, तर वीरेशनं तिच्या खांद्याशेजारून सळई घातली. रांजण तिच्या मिठीत फुटला. तिला दवाखान्यात नेऊन दंडाला सहा टाके मीच घालून आणले.

ही खबर अप्पाजींच्या कानावर घातली तेव्हा ते म्हणाले, "जरा जास्तच करायलाय. पण ताप कमी होतोय ना?"

ताप कमी होत होता. माझ्या नोंदवहीत दिसत होतं. मीही पुढं बोलले नाही.

संघपाल आमच्या उपकेंद्राचा आरोग्य सेवक. भामाबाईचा थोरला, वय सत्तावीस, नोकरी कंत्राटी. आईच्या दंडाचे टाके बघूनही तो दुसऱ्या दिवशी कामावर आला.

"घरोघर कोरडं केलं ताई, तरी मठाच्या गल्लीत ताप हाय," तो मला म्हणाला. "वस्तीत कमी, मशिदीकडं कमी. मठाजवळच का?"

का ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. आम्ही अप्पाजींना सांगून बारवेचं पाणी तपासलं. वरच्या पायरीवरून लांब दांड्याच्या ओगराळ्यानं त्यानं पाणी काढलं आणि उजेडात धरलं. एका ओगराळ्यात चाळीसेक अळ्या, पाण्याच्या कडेला आडव्या पडलेल्या. आडव्या असल्या की हिवतापाच्या. अप्पाजी वाकून बघत होते. त्यांच्या ओठांची हालचाल चालू होती, जप होता की मोजणी, कळलं नाही.

"ह्या ओसरीवर वर्षाराणी निजली व्हती," ते म्हणाले.

संघपालनं ते पाणी बाटलीत ओतून झाकण लावलं.

उपाय तीन. पाणी उपसणं, तर ती बारव चार मोटारींना हटली नसती. औषध टाकणं, तर तेच तीर्थ लोक पितात. राहिले गप्पी मासे. बोटाच्या पेराएवढे, अळ्या खाणारे. उपकेंद्रामागच्या हौदात संघपालनं ते पाळले होते. पण मठाच्या बारवेत मासे. आमच्या गल्लीत अंडं आणलं तर ते वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी घालून आणतात.

अप्पाजींनी तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी निरोप आला, बाजारादिवशी दुपारी या. गाव देवणीला गेलेलं असतं.

संघपाल पाण्यानं भरलेली मोठी प्लास्टिकची पिशवी घेऊन आला, आत मासे. बारवेच्या दाराचं कुलूप अप्पाजींनी काढलं. किल्ली त्यांच्या कमरेला असते, दुसरी किल्ली नाही. संघपाल वरच्या पायरीवर थांबला. वस्तीतल्या माणसानं बारवेत उतरू नये असा कुठं फलक नाही. कुणी अडवत नाही आणि कुणी उतरत नाही. त्यानं पिशवी अप्पाजींपुढं धरली. त्यांनी खडावा काढल्या, धोतर खोचलं, पिशवी घेतली आणि सत्तरीचा तो माणूस एकवीस पायऱ्या उतरला. मासे हळूच पाण्यात सोडले. वर आले तेव्हा धापा टाकत होते.

"हे आपल्या तिघांत राहू द्या," ते म्हणाले. "वेळ बघून मीच सांगतो लोकांना."

संघपालनं हात जोडले. "शब्द देतो, अप्पाजी."

दोन आठवड्यांत मठाच्या गल्लीतला ताप थांबला. लोक म्हणाले, अप्पाजींच्या वाणीत ताकद हाय. वेळ बघायला अप्पाजींना वेळ मिळाला नाही.

श्रावणातला शेवटचा सोमवार. गाभारा खचाखच भरलेला. अप्पाजी मंत्र म्हणत होते आणि पिंडीवर धार धरायचा मान वीरेशला दिला होता, बायको गेलेली म्हणून. बारवेतून आत्ता भरून आणलेली घागर. धार निम्मी झाली आणि पाण्याबरोबर एक मासा पिंडीवर पडला. बेलाच्या पानांत अडकला आणि तडफडू लागला. मंत्र थांबले. एवढासा जीव, पण शेपटी दगडावर आपटायचा आवाज मागं बायकांपर्यंत येत होता.

वीरेशनं तो उचलला. घागरीत बघितलं, अजून तीन होते.

"कुणी केलं हे?"

मी खांबाशी उभी होते. अप्पाजींकडं बघितलं. त्यांच्या हातात अक्षता होत्या आणि त्या बोटांतून एकेक गळत होत्या.

"मासे कुणाकडं असतात?" मागून कुणीतरी म्हणालं. "त्या संघपालकडं हौद हाय भरलेला."

बारवेच्या दाराला कुलूप असतं. किल्ली कुणाच्या कमरेला असते ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या गाभाऱ्यात दीडशे माणसं होती, आणि एकानंही कुलपाचं नाव काढलं नाही. अप्पाजी "थांबा" म्हणाले. मी ऐकलं, म्हणजे आणखी दहा-वीस जणांनी तरी ऐकलं असेल. पण थांबावं असं त्या आवाजात काही नव्हतं.

मी आडवाटेनं पळत उपकेंद्रावर पोचले. संघपाल खिडकीत काचपट्ट्या वाळत घालत होता. सतरा जणांच्या रक्ताचे थेंब, ओळीनं.

"मागच्या दारानं जा," मी म्हणाले. "लगेच."

"काय झालं ताई?"

तोवर ते आले. कपाळाला विभूती, अंगात सोमवारचे पांढरे सदरे, तीसेक जण. पुढं वीरेश, हातात ती सळई.

"मासे कुठंयत तुझे?"

आणि संघपालला वाटलं, घरच्या हौदासाठी मागायला आलेत. तो चक्क हसला. महिनाभर लोकांना मासे न्या, मासे न्या म्हणून विनवत होता बिचारा. "मागं हायत की. डबा आणला का कुणी?"

पहिला फटका गुडघ्यावर बसला. तो खाली गेला तसा पोरांनी घेरला. खिडकीतल्या काचपट्ट्या खाली पडल्या आणि चपलांखाली करकरल्या. सतरा जणांत कुणाचा ताप कसला, ते आता कळायचं नव्हतं. त्याला पायाला धरून मागं हौदापर्यंत ओढत नेलं. वीरेशनं ओंजळीनं मासे काढले आणि त्याच्या तोंडात कोंबले.

"खा. तुमच्याच पोटात शोभतात हे."

तो थुंकत होता, ते कोंबत होते. मासे त्याच्या गळ्यावर, छातीवर उड्या मारत होते. मग त्याच्या केसांना धरून तोंड हौदाच्या काठावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी ओला बांबू मोडल्यासारखा आवाज आला. "ह्याच हातानं सोडले," कुणीतरी म्हणालं, आणि त्याचा उजवा हात काठावर पसरून धरला. दगड कुणी घातला ते मी बघितलं नाही. डोळे मिटले होते मी.

मी ओरडत होते. सोडा त्याला, मरंल तो, अरे माणूस हाय. एकाच्या पाठीवर नोंदवही मारली, त्यानं मला ढकललं, मी परत उठले. हे सगळं केलं. जे एक वाक्य बोलले असते तर सळई हवेत थांबली असती, ते तेवढं बोलले नाही. संघपालनं एकदा माझ्याकडं बघितलं. तेव्हा त्याचा जबडा शाबूत होता, त्यालाही बोलता आलं असतं. पण त्यानं शब्द दिला होता. आणि मी त्याच घरात परत जाणार होते.

नंतर ती पोरं बारवेकडं वळली. पूजेसाठी दार उघडंच होतं. ब्लीचिंग पावडरची तीन पोती ओतली. संध्याकाळपर्यंत पांढऱ्या पोटांचे मासे वर आले. ते टोपल्यांत भरून विहाराच्या पायरीवर ओतले.

वस्तीतली पोरंही कुऱ्हाडी-कोयते घेऊन निघाली होती. भंतेजी ओढ्याच्या पुलावर आडवे बसले. पुलावरून जाऊ देईनात, बोलेनातही. वस्तीतल्याच कुणीतरी मागून फेकलेला दगड त्यांच्या कानशिलाला लागला. चीवरावर रक्त उतरलं. ते पुसलं नाही त्यांनी, तसेच बसून राहिले. अर्ध्या तासानं एकानं कुऱ्हाड खाली ठेवली, मग दुसऱ्यानं.

नऊ दिवस गेले. वस्तीच्या नळाची पाइप कुणीतरी फोडली आणि ती दुरुस्त करायला कुणी जाईना. वीरेश घरात जेवताना म्हणायचा, "पुढल्या खेपेला माणसं न्हाई, घरं." अव्वा त्याच्या ताटात भाकरी वाढायच्या. त्या नऊ दिवसांत त्यांनी मठातली झाडलोट सोडली नव्हती. बारवेच्या पाण्याला वास होता तोवर डास नव्हते. वास गेला आणि आठव्या दिवशी ओगराळ्यात पुन्हा अळ्या आल्या. नवव्या दिवशी सरपंच मलप्पांची सून हुडहुडीनं खाटेवर उडत होती. तिला सातवा महिना. पट्टीवर तीच रेघ, जुन्याच डासांची; नव्या अळ्यांचे डास अजून उडायचे होते. मी घरी येऊन अव्वांना सांगितलं, तेव्हा त्यांच्या हातातलं सूप जमिनीवर गेलं.

दहाव्या दिवशी मठाच्या अंगणात शांततेची बैठक बसली. सतरंजीवर पुरुष, ओसरीच्या कडेला आम्ही बायका. मधे फौजदार, त्यांच्या शेजारी अप्पाजी, समोर कानशिलाला पट्टी लावलेले भंतेजी. संघपालला दवाखान्यातून तेवढ्यापुरतं आणलं होतं. जबडा तारांनी बांधलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, ती भामाबाई पदरानं टिपत होती.

फौजदारांनी कागद वाचला. माफीनामा होता. "मी संघपाल, खोडसाळपणे, कुणाचीही परवानगी न घेता, मठाच्या बारवेत उतरून मासे सोडले. त्याबद्दल गावाची माफी मागतो."

"ह्याच्यावर अंगठा झाला की दोन्हीकडच्या तक्रारी मागं," फौजदार म्हणाले. "पाइप उद्या जोडली जाईल. सगळ्यांच्या भल्याचं हाय."

"अन् ह्याची नोकरी?" भामाबाईनं विचारलं.

"ती कशी राहील बाई? सरकारी माणसानं असं करायचं असतं का?"

"मग त्यानं केलं न्हाई."

"मग कुणी केलं ते सांगू दे ना त्याला. लिहून दे म्हणावं, डावा हात हाय."

सगळे संघपालकडं बघू लागले. तो अप्पाजींकडं बघत होता. अप्पाजी सतरंजीचे दोरे बघत होते. भंतेजी म्हणाले, "स्वामीजी, तुम्हाला काही बोलायचंय का?" अप्पाजींनी तोंड उघडलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "शांतता राहावी, एवढंच."

वस्तीत नऊ दिवस पाणी नव्हतं. भामाबाईनं मुलाचा डावा हात हातात घेतला. त्यानं ओढून घेतला. तिनं परत घेतला, दंडाच्या टाक्यांचे व्रण असलेल्या हातानं, आणि म्हणाली, "लाव बाबा. जिवंत हायस तू, तेवढं बास. घरं जाळतील." ती रडत नव्हती. फौजदारांनी शाईचा डबा उघडला.

मी उठून उभी राहिले. उठायचं ठरवलं नव्हतं.

"त्यानं न्हाई सोडले मासे."

वीरेश सावकाश उठून माझ्यापुढं आला. "मग कुणी सोडले, वहिनी? सांगा की."

मी अप्पाजींकडं बघितलं. एक नाव सांगायचं होतं. अकरा वर्षं लोकांना समजावून सांगायचं काम केलंय मी.

"तुमाला कसं ठावं? तुमी त्याच्यासंगं व्हतात काय?"

"हाव. व्हते."

त्यानं मारलं. उघड्या हातानं, पण पूर्ण जोरानं. खालचा ओठ दातावर फाटला आणि तोंडात खारट झालं. "माझ्या घरचं खाती, अन् ह्यांच्यासंगं मठ बाटवती." दुसरा फटका कानावर बसला, मी ओसरीच्या खांबावर गेले. फौजदार बसूनच म्हणाले, "ए, हात आवर." त्यानं आवरला नाही. माझी वेणी धरली आणि डोकं मागं ओढलं. भंतेजी उठले, संघपाल एका पायावर उभा राहायला धडपडत होता, भामाबाई त्याला मागं ओढत होती. अप्पाजी उठले नाहीत.

मग वीरेशच्या मनगटावर एक हात आला. सुकलेला, विभूती लावलेला. अव्वा बायकांच्या रांगेतून उठून पुरुषांच्या सतरंजीवरून चालत आल्या होत्या. आमच्या मठात असं कुणी बाई चालत नाही.

"सोड तिला."

"अव्वा, तू मधी येऊ नको."

"सोड म्हणते."

त्यानं वेणी सोडली. अव्वांनी त्याचं मनगट सोडलं नाही. अप्पाजींकडं वळून त्या म्हणाल्या, "अप्पाजी, दहा दिस झाले, मी तुमच्या तोंडाकडं बघत राहिले. रोज झाडताना वाटतंय, आज बोलतील. आता मलप्पाची सून पडली. तुमाला जमंना, तर मी बोलते."

अप्पाजींनी डोळे मिटून घेतले.

"काय बोलती, अव्वा?" वीरेशचा आवाज बारीक झाला होता.

"बाजारादिवशी मी मठाच्या बारवेकडच्या कोठीत व्हते, बेल निवडत. समदं बघितलं. तो पोरगा पायरी उतरला न्हाई. मासे अप्पाजींनी सोडले, आपल्या हातानं. दुसऱ्या कुणाची सून जाऊ नये म्हणून सोडले." त्यांनी श्वास घेतला. "अन् आपली गेली ती बारवेपायीच गेली, वीरेश. तिथलेच डास चावले तिला. अकरा राती मी निजवलं तिला तिथं. जाळी बांधली व्हती हिनं, मी काढली."